माहेरगावी एक दिवस

बोटीने विलायतेस जाण्याचा काळ होता, तेव्हाच्या मराठी प्रवासवर्णनांत एक प्रसंग वारंवार येई. बोट पोर्ट सैदला किंवा भूमध्य समुद्रावरील दुसऱ्या एखाद्या बंदराला लागे. प्रवासी काही तासांपुरते किनाऱ्यावर उतरत, जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांतून हिंडत, एखादी मशीद वा चर्च पाहत आणि भोंगा होण्याआधी परत येत. आज त्याच समुद्रात निव्वळ सहलीच्या बोटी फिरतात आणि त्यांवरून उतरणारा प्रवासीही नेमके हेच करतो. अशी वर्णने वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवत आली आहे. प्रवासी गावात असतो, पण त्याचे लक्ष बोटीकडे असते. बोट येण्यापूर्वी ते गाव नव्हते आणि बोट सुटल्यावर ते राहणार नाही, अशाच बेताने तो ते पाहतो. गाव म्हणजे त्याच्या प्रवासातला एक थांबा, एवढेच.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी हे सगळे आठवण्याचे कारण असे की, सिंदखेडराजा हे गाव आम्ही वर्षानुवर्षे याच पद्धतीने पाहिले होते. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर ते लागते. एस.टी. थांबते, खिडकीतून लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार दिसते, कोणीतरी शेजाऱ्याला सांगते की जिजाऊंचा जन्म इथला, आणि गाडी सुटते. आता तर तेही राहिले नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ पासून वाहता झाला आणि लांब पल्ल्याच्या मोटारी गावाला वळसा घालून जाऊ लागल्या. म्हणून गेल्या फाल्गुनात आम्ही चौघांनी (तिघे मराठीचे शिक्षक, एक इतिहासाच्या प्राध्यापिका) ठरवले की मेहकरला जाताना या गावी उतरायचे, दिवसभर हिंडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जायचे. एका दिवसात गाव कळत नाही हे आम्हांला ठाऊक होते. आपण ते आजवर कसे वाचत आलो, एवढे तरी कळावे अशी अपेक्षा होती. त्या दिवसाने दिलेला विचार वाचकांपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू.

जालना सोडल्यावर तासाभरात सिंदखेडराजा येते. या तासाभरात आपण एक जुनी सरहद्द ओलांडतो, याची आज कोणालाही जाणीव होत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा सिंदखेड वऱ्हाडाबरोबर इंग्रजी अंमलात गेले आणि जालना १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिले. त्याआधी शतकानुशतके हा सारा मुलूख एकच होता. दौलताबाद, जालना, सिंदखेड, मेहकर ही एका वाटेवरची गावे. मराठवाडा आणि विदर्भ ही आजची विभागणी मनात घेऊन सिंदखेडला आले की ते विदर्भाच्या कडेचे, एका बाजूला पडलेले गाव वाटते. सतराव्या शतकात मात्र ते दौलताबादच्या दरबाराशी थेट जोडलेले होते. लखुजीरावांचे सारे चरित्र या वाटेवर घडले आणि त्याचा शेवटही याच वाटेच्या एका टोकाला झाला.

राजवाड्यात आम्ही शिरलो तेव्हा शाळेची एक सहल आत होती. म्हाळसा महाल म्हणून दाखवली जाणारी खोली सगळ्यांत गजबजलेली. जिजाबाईंच्या आई म्हाळसाबाई. त्यांच्या नावाच्या या जागी १२ जानेवारी १५९८, पौष पौर्णिमेला जिजाबाईंचा जन्म झाला, असे सांगतात. मुले रांगेने आत जात, हात जोडत, बाहेर येत. बाईंनी तारीख विचारली की एका सुरात उत्तर येई. दरवर्षी १२ जानेवारीला येथे महाराष्ट्रभरातून माणसे लोटतात. त्या दिवशीचे सिंदखेड निराळेच असते. त्या गर्दीच्या श्रद्धेविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. ज्या समाजाने बायकांच्या जन्मतिथ्या क्वचितच जपल्या, त्याने एका बाईच्या जन्माच्या जागी असे जमावे, ही लहान गोष्ट नव्हे.

पण सहल पुढे कुठे जाते, हे आम्ही मुद्दाम पाहिले. ती फारशी कुठेच गेली नाही. मुले राजवाड्यातून बाहेर आली, फोटो निघाला आणि बस सुटली. लोणारचे सरोवर पाहायचे होते, उशीर झाला होता. आम्हांला त्या बोटीच्या भोंग्याची आठवण झाली. आणि हेही आठवले की आपण विद्यार्थी असताना आपलीही सहल अशीच परतली होती.

रंगमहाल म्हणून दाखवल्या जाणाऱ्या इमारतीशी मराठीच्या अभ्यासकाने जरा अधिक वेळ थांबावे. रंगपंचमीची कथा कोणाला ठाऊक नाही? लखुजीरावांकडे रंगाचा दरबार भरला होता. मालोजी भोसले लहान शहाजीला घेऊन आले होते. दोन्ही मुले एकमेकांवर रंग उडवू लागली, तेव्हा जोडा छान शोभतो असे लखुजीराव थट्टेने बोलून गेले. मालोजींनी तो शब्द भर सभेत पकडला. म्हाळसाबाईंना हे रुचले नाही, वाद वाढला, आणि शेवटी निजामशहाच्या मध्यस्थीने १६०५ मध्ये लग्न झाले. उत्तरकालीन बखरकारांनी ही कथा रंगवली, ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ती घेतली आणि पुढे शालेय पुस्तकांनी ती घरोघर पोचवली.

कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त मात्र हा प्रसंग नाही. ते काव्य शिवाजी महाराजांच्या हयातीतले, म्हणजे या बखरींहून कितीतरी जवळचे. तेथे मालोजी आधीच निवर्तलेले आहेत, पोरक्या पुतण्यांना विठोजींनी वाढवले आहे आणि यादवराज (लखुजींना परमानंद याच नावाने ओळखतो) शहाजीची योग्यता पाहून आपल्या मनाने कन्या देतो. थट्टा नाही, शब्दात पकडणे नाही, मानापमान नाही.

दोहोंतले खरे कोणते, हा इतिहासाचा प्रश्न. आणि समकालीन साधनाचे वजन तेथे अधिक हे उघड आहे. साहित्याच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. शे-सव्वाशे वर्षांनंतरच्या बखरकाराला थट्टेच्या कथेची गरज का भासली? आमच्या मते याचे उत्तर त्या कथेतल्या सिंदखेडच्या भूमिकेत आहे. या कथेत सिंदखेड श्रीमंत आहे, गर्विष्ठ आहे आणि शेवटी त्याला नमते घ्यावे लागते. सासरचा उत्कर्ष सांगायचा तर माहेर आधी उंच दाखवावे लागते आणि मग त्याची मान खाली आणावी लागते. ज्यांच्या घराण्याची बखर लिहायची ते सासर. माहेराने कथेत यायचे ते मुलगी देण्यापुरते. मुलगी दिली की त्याचे काम संपले. रंगमहालाच्या त्या रिकाम्या चौकात उभे राहून आमच्यातल्या एकाने म्हटले, "लग्न लागलं आणि गाव पुस्तकातून गेलं." दिवसभर आम्ही या वाक्याभोवतीच फिरत राहिलो.

कारण गाव कुठे गेले नव्हते. लग्नानंतर लखुजीराव जवळजवळ पाव शतक जगले, आणि ते पाव शतक साधे नव्हते. 'शिवभारता'तच खंडागळ्यांच्या हत्तीची हकिकत आहे. दरबारातून बाहेर पडताना हत्ती बिथरला, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले भिडले, लखुजींचा मुलगा दत्ताजी विठोजींच्या मुलाच्या, संभाजीच्या, हातून मारला गेला आणि त्या संभाजीला खुद्द लखुजींनी मारले. त्या झुंजीत शहाजीराजेही जखमी झाले. जिजाबाईंच्या बाजूने ही घटना वाचून पाहावी. भाऊ दिराने मारला, दीर वडिलांनी मारला, नवरा माहेरच्यांच्या हातून घायाळ झाला. पुढे लखुजीराव मुघलांकडे गेले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने होते आणि लखुजीराव समोरच्या फौजेत. काही वर्षांनी ते निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाने त्यांची हत्या करविली. अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, यशवंतराव हा नातू, असे तिघे त्यांच्याबरोबर पडले.

त्यांची समाधी गावात आहे. चौरस पायावरची, घुमटाची, दगड-विटांची ही इमारत आकाराने एखाद्या मकबऱ्यासारखी वाटते. एका दिवसात एका घरातले चार पुरुष गेले, त्या घराची ही समाधी. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या हत्येची नोंद करताना असेही लिहिले आहे की लखुजींची विधवा आणि उरलेले नातलग दौलताबादेहून घाईघाईने सिंदखेडला, आपल्या मूळ गावी, निघून गेले. फारसी तवारिखेतली ही एक ओळ आम्हांला फार महत्त्वाची वाटते. नवरा, दोन मुलगे आणि नातू गमावलेली ती बाई उरलेल्यांना घेऊन त्याच वाटेने परतली, ज्या वाटेवरच्या एस.टी.तून आम्ही सकाळी उतरलो होतो. आणि ही बाई म्हणजे जिजाबाईंची आई. राजवाड्यातल्या ज्या महालाला तिचे नाव आहे तेथे आपण तिला मुलीच्या जन्मापुरती ओळखतो. १६२९ च्या पावसाळ्यातली ही म्हाळसाबाई आपल्या कथनात येत नाही.

तारखांचा हिशोब थोडा पुढे न्यावा. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे माहेरावर हा घाला पडला तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या आणि त्यानंतर सातव्या महिन्यात शिवनेरीवर, थोरल्या मुलाच्या सासरच्यांच्या आश्रयाला असताना, त्या प्रसूत झाल्या. शिवजन्माची वर्णने आपण असंख्य वाचली आहेत. त्यांत किल्ला असतो, डोहाळे असतात, शिवाई देवी असते. सुतक मात्र क्वचितच असते. ज्या बाईचे वडील आणि दोन भाऊ सात महिन्यांपूर्वी विश्वासघाताने मारले गेले, ती बाई पाळण्याशी काय बोलली असेल, याचा तर्क करण्याचा अधिकार इतिहासाला नाही. पण तो प्रश्न विचारायलाच नको, असेही नाही. कादंबरी आणि नाटक यांना तर तो अधिकार खचितच आहे.

समाधीपाशी आणखी एक गोष्ट आता सांगावी लागते. २०२४ मध्ये पुरातत्त्व विभागाच्या नागपूर मंडळाने या वास्तूच्या जतनाचे काम चालू असताना जवळ उत्खनन केले. आधी एका शिवमंदिराचा पाया लागला आणि मग सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. लांबी सुमारे पावणेदोन मीटर, पायाशी लक्ष्मी, आणि पटावर समुद्रमंथन कोरलेले. मराठवाड्यात आढळणाऱ्या अशा मूर्ती बहुधा काळ्या बसाल्टच्या असतात; ही क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडातली आहे. शेजारच्या मेहकरला १८८८ मध्ये शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती अशीच जमिनीतून निघाली होती आणि तिच्याभोवती नवे देवस्थान उभे राहिले.

या शोधाचा अर्थ तज्ज्ञ लावतील. आमच्यापुरता त्याचा अर्थ इतकाच, की लखुजीरावांचे सिंदखेडदेखील पहिले सिंदखेड नव्हते. जाधवांनी स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवले. त्यांच्या समाधीच्या कुशीत त्या जुन्या काळाचा एक थर निजलेला होता आणि १५९८ ही तारीख त्या थरांच्या मधोमध कुठेतरी येते. नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळेही हेच सांगतात. नीलकंठेश्वरासमोरच्या कुंडाच्या पायऱ्या उतरताना उन्हाचा ताव कमी होत गेला, आणि कोणीही काही न सांगता आम्ही चौघे तेथे अर्धा तास बसून राहिलो.

लखुजीरावांनंतरच्या सिंदखेडचे काय झाले? आता खरी अडचण येते. येथे आपले लेखन नुसते विसराळू राहत नाही. ते जाणूनबुजून नजर वळवते. म्हाळसाबाई परतल्यावर घराणे दुभंगले. लखुजीरावांचे भाऊ जगदेवराव आणि घरातली बहुतेक मंडळी मुघलांच्या सेवेत गेली. ज्या दरबाराने घरातले चार जण मारले त्याच्या शत्रूकडे जाणे, हे त्या काळच्या रीतीने स्वाभाविक होते. शेजारच्या देऊळगावराजाला जे बालाजीचे मोठे संस्थान आहे, तेही या जाधवांच्याच आश्रयाने वाढले. दुसरीकडे अचलोजींचा वंश स्वराज्यात आला आणि त्या वंशात सेनापती धनाजी जाधव झाले. म्हणजे सिंदखेडची एक फांदी बादशहाकडे आणि एक छत्रपतींकडे. पुन्हा धनाजींचा मुलगा चंद्रसेन शाहू महाराजांना सोडून गेला आणि निजामाच्या पदरी राहिला.

मुलूखही तसाच वाटला गेला. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या रणात घातला गेला आणि गावाला विजयाचे म्हणून फतेहखेर्डा असे नावही मिळाले. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, डिसेंबर १७५७ मध्ये, सिंदखेडलाच लढाई झाली. निजामाचा सरदार रामचंद्र जाधव गावात कोंडला गेला होता. हा चंद्रसेनाचा मुलगा, धनाजींचा नातू. त्याला वेढा घालणारी फौज पेशव्यांची; नाव विश्वासरावांचे. निजामअली त्याच्या मदतीला धावून आला, झुंज झाली, आणि अखेर तह होऊन पेशव्यांना पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग मिळाला.

हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. ज्या गावात स्वराज्य संस्थापकाची आई जन्मली, त्या गावावर त्याच स्वराज्याच्या पेशव्यांची फौज चालून आली. आणि आत अडकलेला माणूस त्याच आईच्या भावाच्या वंशातला. या प्रसंगाचे नाटक मराठीत कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. पेशवाईच्या इतिहासात सिंदखेडची लढाई म्हणजे उदगीरच्या आधीचा एक विजय, आणि जिजाबाईंच्या चरित्रांत १७५७ येण्याचे कारणच नाही. दोन पुस्तकांत दोन सिंदखेडे आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. वर्गात दोन्ही शिकवणारे आम्हीही त्यांची गाठ कधी घालून दिली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण तो दुःखाचा आहे आणि त्याचे वैभव दाखवण्यासारखे काही नाही. १८०३ मध्ये असई आणि अडगाव या लढाया याच टापूच्या दोन बाजूंना झाल्या. त्याच सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. फौजेसह या भागात हिंडणाऱ्या वेलस्लीने सिंदखेडची जी दशा पाहिली, तिच्याविषयी त्याने लिहून ठेवले आहे: चोरांचा सुळसुळाट, उपासमारीने मरणारी माणसे आणि त्यांना आधार देणारे कोणतेही सरकार नाही. राजवाड्यासमोर हात जोडणाऱ्या मुलांना हे सांगायचे का, असा प्रश्न आमच्यात निघाला. इतिहासाच्या बाईंचे मत पडले की सांगायचे. ज्या गावाने फक्त वैभव पाहिले, त्या गावावर मुले विश्वास ठेवत नाहीत. त्याला नुसता नमस्कार करतात.

दुपार कलल्यावर आम्ही पाण्याकडे वळलो. सिंदखेडची खरी श्रीमंती कोणी विचारली तर आम्ही तलाव आणि बारवा दाखवू. मोती तलावाचा दगडी बांध पाहिला की हे काम एका हौशी सरदाराचे नसून एका नांदत्या गावाचे आहे, हे ध्यानात येते. चांदणी तलावात मधोमध तीन मजली इमारत आहे. फाल्गुनात पाणी ओसरल्याने ती अधिकच उंच वाटत होती. काळाकोटाच्या काळ्या दगडांच्या जाडजूड भिंती तटबंदीची भाषा बोलतात. आक्रमणाची भीती किती होती हे त्यांवरून कळते. पण तलाव आणि बारवा दुसरी भाषा बोलतात. पाऊस कमी, खडक वर आलेला, उन्हाळा लांब. अशा ठिकाणी बाजार भरायचा, फौज ठेवायची, बाग राखायची, तर आधी पाणी अडवावे लागते. ते अडवायला गवंडी लागतात, बेलदार लागतात, वर्षानुवर्षे गाळ काढणारे हात लागतात. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. त्यांनी बांधलेले मात्र उरले आहे.

पुतळा बारव ही त्यांतली देखणी. बारवेच्या भिंतींत दगडात कोरलेले पुतळे आहेत, त्यावरून हे नाव. पायऱ्या उतरत जावे तसतशा त्या मूर्ती दिसत जातात. बारवेचे पाणी हा बायकांचा वावर. तेव्हा कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रेक्षक म्हणून कोण असेल, हे सांगायला नको. दरबारातली शोभा पुरुषांसाठी होती. ही शोभा घागर घेऊन उतरणाऱ्या बाईसाठी होती. जिजाबाईंनी ही बारव पाहिली की नाही, या वादात आम्ही पडत नाही. पण सिंदखेडमध्ये एका मुलीचे लहानपण कसे गेले असेल याचा थोडा अंदाज राजवाड्यापेक्षा आम्हांला येथे अधिक आला.

बारवेजवळच्या सावलीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना बारवेविषयी विचारत होतो आणि त्या हातानेच दिशा दाखवत उत्तरे देत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आमच्यातल्या बाईंकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आन् तुमचं माहेर कोणतं म्हणायचं बाई?" बाईंनी गावाचे नाव सांगितले. म्हातारीचा पुढचा प्रश्न लगेच आला, "कोण हाय आता तिथं?"

माहेर कोणते, हा प्रश्न महाराष्ट्रात कोणीही कोणालाही विचारते. आम्हांला धक्का दुसऱ्या प्रश्नाने दिला. तिथे आता कोण आहे? सिंदखेडविषयी हा प्रश्न आपल्या साहित्याने कधी विचारला का? जात्यावरच्या ओव्यांत माहेर सतत येते: वाट, वाटेवरचा भाऊ, आईची ओढ, दारातले झाड. ते माहेर बाईने सोडले त्या क्षणी थांबलेले असते. आई म्हातारी होत नाही, भावांची वाटणी होत नाही, झाड वठत नाही. ओवी गाणारीला अशा थांबलेल्या माहेराची गरज होती. सासरच्या उन्हात तीच तिची सावली होती. तिला कोणी दोष देणार नाही. पण इतिहास लिहिणाऱ्यानेही माहेर असेच थांबवून ठेवले, तर ते कसे चालेल? जिजाबाईंचे सिंदखेड १६०५ मध्ये थांबवून आपण ते पवित्र केले. भावांची मारामारी, वडिलांची हत्या, आईचा परतीचा प्रवास, काकांची मुघल चाकरी, भावाच्या वंशजांचा निजामाशी घरोबा आणि शेवटचा तो वेढा, हे सारे वगळले. वगळले, कारण ते स्वराज्याच्या कथेत नीट बसत नव्हते.

खरे पाहता ते बसते. किंबहुना ते वगळून जिजाबाई समजत नाहीत, असे आता आम्हांला वाटते. स्वराज्याची कल्पना त्यांनी मुलाच्या मनात रुजवली, असे आपण म्हणतो. पण ती कल्पना आली कुठून, हे सांगताना आपण रामायण-महाभारताच्या गोष्टींपाशी थांबतो. सिंदखेडने त्यांना दाखवले होते ते याहून जवळचे. कितीही मोठा सरदार असला, कितीही तलाव बांधले, तरी परक्याच्या दरबारात त्याचा जीव त्या दरबाराच्या मर्जीवर असतो. आणि मर्जीसाठी झगडताना सासर-माहेर एकमेकांचे रक्त सांडतात. हे शिकायला त्यांना पोथी उघडण्याची गरज नव्हती. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण गावाचा पुढचा-मागचा काळ जोडून घेतला की तर्काला आधार मिळतो, आणि गाव एका खोलीपुरते ठेवले की तोही मिळत नाही. त्यांचा मृत्यू १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला झाला. राज्याभिषेकाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. सिंदखेड त्या वेळी मुघल अंमलात होते.

संध्याकाळची मेहकरची गाडी थोडी उशिराने आली. स्टँडवर चहा घेत उभे असताना आम्ही दिवसाचा हिशोब मांडला. सजना बारव राहिली होती, साखरखेर्ड्याला जायचे राहिले होते, काळाकोट नीट पाहून झाला नव्हता. म्हणजे बोटीवरच्या प्रवाशाहून आम्ही फार वेगळे ठरलो नव्हतो. फरक इतकाच पडला की, पुढच्या वर्षी सहल काढायची तर मुलांना १२ जानेवारी १५९८ बरोबर २५ जुलै १६२९ ही तारीखही पाठ करायला लावायची आणि राजवाड्यातून थेट समाधीकडे न्यायचे, तेथून पुतळा बारवेवर, असे ठरले. लोणार त्या दिवशी राहिले तरी चालेल, यावर मात्र एकमत झाले नाही.

गाडी सुटली तेव्हा खिडकीतून ते प्रवेशद्वार पुन्हा दिसले. मागच्या बाकावरच्या एका बाईने कडेवरच्या मुलाला ते बोटाने दाखवले आणि सांगितले, "ते बघ, जिजाऊचं माहेर."